१९३१.८५ साली काय झालं?

१९३१ सालच्या नोव्हेंबरात कधीतरी तंबाखूच्या मातीच्या पाइपमधलं भोक नाहीसं झालं. हे माझं म्हणणं नाही, एका समीकरणाचं आहे. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मांडलं: साल = १९३१.८५ − (३८.२६ × भोकांचा सरासरी व्यास). व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजायचा. व्यासाच्या जागी शून्य घाला, उत्तर १९३१.८५.

हा विनोद थोडा अन्यायाचा आहे. मोजमापांच्या पल्ल्याबाहेर ताणली तर कुठलीही रेषा असंबद्ध बोलते. माझा आक्षेप रेषेच्या टोकाला नाही, मधल्या भागाला आहे. पण आधी हे पाइप काय होते ते सांगतो.

आपल्या चिलमीसारखीच ही मातीची वस्तू, पण अंगाने वेगळी: पांढरी, लांब दांडीची, टोकाला छोटी वाटी. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडात आणि त्याच्या अमेरिकी वसाहतींत ती ढिगाने वापरली गेली. स्वस्त, ठिसूळ, घेतली की थोड्याच दिवसांत मोडणारी. म्हणून जुन्या वस्तीच्या उकिरड्यात दांड्यांचे तुकडे सापडतातच. नाणं पिढ्यान्‌पिढ्या हातात फिरतं, पाइप लगेच फेकला जातो. त्यामुळे काळ ठरवायला पाइप जास्त विश्वासाचा.

जेम्सटाउनला उत्खनन केलेल्या जे. सी. हॅरिंग्टन यांच्या लक्षात आलं, की जुन्या दांड्यांची भोकं मोठी आणि नंतरच्यांची बारीक आहेत. दांडी लांब होत गेली तशी आत घालायची तार बारीक झाली असावी, असा याचा नेहमीचा खुलासा. १९५४च्या लेखात त्यांनी पाच कालखंड मांडले: १६२०–५० मध्ये बहुतेक भोकं ८/६४ इंचाची, १६५०–८० मध्ये ७/६४, १६८०–१७१० मध्ये ६/६४, १७१०–५० मध्ये ५/६४, १७५०–१८०० मध्ये ४/६४. हत्यार काय, तर साधे ड्रिल बिट. एकेक बिट भोकात घालून बघायचं, कुठला नेमका बसतो ते.

मला या लेखाचं जे आवडतं ते त्याच्या आलेखात आहे. प्रत्येक कालखंडासमोर एक आकडा नाही, टक्केवारी आहे. इतके तुकडे या मापाचे, इतके त्या मापाचे. कालखंड एकमेकांत घुसतात, आणि हॅरिंग्टन ते घुसणं झाकत नाहीत. वाचणाऱ्याला आपल्या ढिगाचा आकार त्या आकारांशी ताडून पाहावा लागतो.

बिनफर्ड यांनी हॅरिंग्टन यांच्याच सामग्रीतून एक सरळ रेषा काढली. आकाराच्या जागी सरासरी आली, आणि कालखंडाच्या जागी दशांश चिन्हानंतर दोन अंक असलेलं साल. एका वस्तीवर १६२०–५० मध्ये लोक राहिले आणि निघून गेले, असं समजा. शंभर वर्षांनी, १७५० नंतर, दुसरे आले. उकिरड्यात निम्मे तुकडे ८/६४चे, निम्मे ४/६४चे. सरासरी ६. समीकरण म्हणतं १७०२.२९. त्या साली तिथे कुणीच नव्हतं. हॅरिंग्टन यांच्या पद्धतीने तोच ढीग मांडला तर दोन उंचवटे आणि मधला खड्डा शाळकरी मुलालाही दिसेल.

समीकरण एकाच सलग वस्तीसाठी आणि पुरेशा तुकड्यांसाठी आहे, इंग्लिश पाइपसाठी आहे, डच पाइपना ते लागू पडत नाही, हे पुरातत्त्वज्ञांना ठाऊक आहे. पण इशारे मजकुरात राहतात आणि आकडा तक्त्यात जातो. पुढचा माणूस तक्ता वाचतो.

हे मी तोऱ्यात लिहीत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सेवेचा डॅशबोर्ड बनवला होता. वर एकच मोठा हिरवा आकडा: सरासरी प्रतिसाद-वेळ. सगळे खूश. बऱ्याच दिवसांनी कळलं, की बहुतेकांना पान झटक्यात मिळत होतं, आणि कमकुवत नेटवर्कवरच्या थोड्या लोकांना जवळजवळ मिळतच नव्हतं. आकडा खरा होता. ती माणसं त्यात नव्हती.

म्हणून बेलव्होरची दांडी मला महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये बेलव्होर नावाच्या मळ्यावर गुलामांच्या वस्तीचं उत्खनन झालं. मातीची दांडी सच्छिद्र, लाळ शोषून घेणारी. तिथल्या एका तुकड्यातून संशोधकांना डीएनए मिळाला, आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला: ओढणारी एक बाई होती, आणि तिचं वंशसाम्य आजच्या सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांशी सर्वांत जवळचं. गुलामांची नावं आणि मुळं मालकांच्या कागदांत क्वचितच सापडतात. तिथे हा तुकडा एका बाईची साक्ष देतो, आणि ती साक्ष सरासरीत मिसळून टाकता येत नाही.

पण इथेही तोच मोह आहे. बातम्यांत 'सर्वांत जवळचं' गळतं आणि 'ती मेंडे होती' उरतं. तुलना शेवटी ज्यांचे नमुने हाताशी आहेत अशाच लोकसमूहांशी होते. ज्यांचे नमुने घेतलेच गेले नाहीत ते 'जवळ' येणार कसे? बिनफर्डवर टीका करणाऱ्याने हा प्रश्न डीएनएलाही विचारायला हवा. मूळ निबंधाची भाषा जपून वापरलेली आहे. जबाबदारी आपली, वाचणाऱ्यांची आहे.

त्या डॅशबोर्डवरचा आकडा मी नंतर काढला. त्याजागी प्रतिसाद-वेळांचा पसरलेला आलेख ठेवला. बैठकीत पहिला प्रश्न आला, "पण एकूण कसं चाललंय, एका आकड्यात सांग ना." मी म्हटलं, एका आकड्यात सांगता येत नाही. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग एकजण आलेखाच्या उजव्या कडेकडे बोट दाखवून म्हणाला, "हे कोण आहेत?"