कर्तरि षष्ठी की कर्मणि षष्ठी? : स्त्रीविषयक ड्रम कोअर-प्रयोगांतील संगीताची निवड

‘स्त्रियांचे संगीत’ हा शब्दप्रयोग वरवर पाहता निरुपद्रवी आहे. परंतु त्यातील षष्ठी दुहेरी आहे, हे व्याकरणाच्या अभ्यासकास सांगावयास नको. ‘रामाचे गमन’ या प्रयोगात राम हा कर्ता असतो, तर ‘रावणाचा वध’ या प्रयोगात रावण हा कर्म असतो. प्रत्यय मात्र एकच. ‘स्त्रियांचे संगीत’ म्हणजे स्त्रियांनी रचलेले संगीत की स्त्रियांविषयीचे संगीत, याचा निर्णय प्रत्ययावरून होत नाही, तो संदर्भावरून करावा लागतो. अमेरिकेतील ड्रम कोअर या कलाप्रकारात अलीकडे ज्या प्रश्नाची वारंवार चर्चा होते, त्याचे मूळ या दुहेरी षष्ठीत आहे. स्त्री हा विषय घेऊन उभारलेल्या प्रयोगासाठी स्त्री-संगीतकारांच्याच रचना निवडाव्यात काय, आणि निवडल्या तर त्या कोणत्या निकषावर, हा तो प्रश्न होय.

ड्रम कोअर म्हणजे आपल्याकडील ढोल-ताशांचे पथक नव्हे, जरी दोहोंतील ईर्षा आणि घाम यांचे नाते जवळचे असले तरी. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या संघटनांनी पोसलेल्या बिगुल-नगाऱ्यांच्या पथकांतून हा प्रकार वाढला. १९७१ साली ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाली व १९७२ साली व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. सुमारे दीडशे तरुण कलावंत फुटबॉलच्या मैदानावर दहा-अकरा मिनिटांचा एकच प्रयोग सादर करतात आणि त्यासाठी सबंध उन्हाळा खर्ची घालतात. भरताच्या वर्गीकरणाची परिभाषा वापरावयाची तर येथे अवनद्ध व घन वाद्ये आहेत, सुषिर वाद्यांपैकी केवळ पितळी वाद्ये आहेत, आणि तत वाद्यांना जवळजवळ मज्जाव आहे. २००४ पासून ध्वनिवर्धनास व २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांस परवानगी मिळाली. तथापि बासरी, क्लॅरिनेट आदी काष्ठकुलातील वाद्ये अद्याप बाहेरच आहेत. हा तपशील नीरस वाटला तरी पुढील विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

या मैदानावर स्त्री हा विषय नवा नाही. ‘सांता क्लारा व्हॅनगार्ड’ या पथकाने २०१४ साली शहरजादेची कथा घेतली. मरणाच्या छायेत रात्रीमागून रात्र गोष्ट सांगत राहणारी आणि शब्दांच्या बळावर जगणारी ही स्त्री आहे. संगीताचा आधार मात्र रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराच्या १८८८ च्या रचनेचा. मूळ रचनेत एकट्या व्हायोलिनचे स्वर म्हणजे शहरजादेचा आवाज. मैदानावर व्हायोलिन नाही, म्हणजे तो आवाज अन्य वाद्याच्या मुखी घालणे आले. तेव्हा स्त्रीची वाणी पुरुषाने कल्पिलेली, आणि तीही रूपांतरित झालेली! एवढ्यावरून प्रयोग खोटा ठरत नाही. मराठी लावणीत बोलणारी नायिका स्त्री असते आणि तिची वाणी रचणारे राम जोशी, होनाजी, सगनभाऊ हे पुरुष असतात. तेवढ्यासाठी लावणी कोणी टाकून दिलेली नाही. परंतु लावणीतील स्त्रीमन आणि जात्यावरील ओवीतील स्त्रीमन ही एकच वस्तू आहे असेही कोणी जाणता रसिक म्हणणार नाही.

या बाबतीत दोन पक्ष संभवतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, स्वराला लिंग नसते. रचना उत्तम असली म्हणजे झाले. या पक्षाचे बळ कमी लेखता येत नाही. फेलिक्स मेंडेलसोनच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या गीतसंग्रहांत त्याच्या बहिणीची, फॅनी हेन्सेलची, काही गीते होती. १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने त्यांपैकीच एक गीत आवडीने गायिले, तेव्हा ते आपल्या बहिणीचे आहे अशी कबुली फेलिक्सला द्यावी लागली. स्वरांवरून राणीला ते ओळखता आले नव्हते. आपल्याकडे १९६५ च्या ‘साधी माणसं’ या चित्रपटाचे संगीत ‘आनंदघन’ या नावाने लोकांपुढे आले. त्या नावाआड लता मंगेशकर आहेत हे ठाऊक नसणाऱ्या श्रोत्यास केवळ चालीवरून तसा संशय येण्याचे कारण नव्हते. कर्तृत्व कानाला ऐकू येत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र हीच दोन उदाहरणे पहिल्या पक्षाच्या विरुद्धही साक्ष देतात. स्वरांना लिंग नसेल, पण श्रेयाला होते. एरवी नाव झाकण्याची आवश्यकता का पडावी?

दुसरा पक्ष अधिक उत्साही आणि म्हणूनच अधिक घातक आहे. विषय स्त्रीचा, मग संगीतकारांची यादी स्त्रियांची, एवढ्याने काम संपले असे हा पक्ष मानतो. येथे कर्तरि षष्ठीने कर्मणि षष्ठीची जागा बळकावलेली असते. जेनिफर हिग्डन या अमेरिकन संगीतकर्तीच्या ‘ब्लू कॅथीड्रल’ या १९९९ च्या वाद्यवृंदरचनेचे उदाहरण घ्यावे. ती आज अत्यंत लोकप्रिय आहे, आणि स्त्रीविषयक प्रयोगाची यादी करावयास बसलेल्या कोणासही ती प्रथम सुचेल. परंतु ही रचना स्त्रीत्वाविषयी नाही. ती हिग्डन यांच्या मृत धाकट्या भावाच्या स्मरणार्थ आहे. शीर्षकातील ‘ब्लू’ हा त्याच्या नावाचाच अंश. भाऊ क्लॅरिनेट वाजवीत असे, बहीण बासरी वाजविते. रचनेत प्रथम बासरी येते, मग क्लॅरिनेट. दोघांचा संवाद होतो. आणि अखेरीस बासरी थांबते व क्लॅरिनेट एकटेच वर वर जात राहते. वडील बहीण आधी आली, धाकटा भाऊ मात्र पुढे निघून गेला, एवढा सगळा आशय दोन वाद्यांच्या नादभेदात साठविलेला आहे.

आता हीच रचना मैदानावर आणली तर काय होईल? बासरी नाही, क्लॅरिनेटही नाही. संयोजकाने दोन्ही ओळी दोन सारख्याच तुताऱ्यांना वाटून दिल्या, तर बहीण कोण आणि भाऊ कोण हे कळावयाचे साधनच नाहीसे होते; उरते ते सुंदर, उदात्त आणि कोणाचेही असू शकेल असे संगीत. संगीतकर्तीचे नाव पत्रिकेत राहते, संगीतकर्ती मात्र रचनेतून बाहेर पडते. एक ओळ फ्ल्यूगलहॉर्नसारख्या मृदू पितळी वाद्यास आणि दुसरी व्हायब्राफोनसारख्या घनवाद्यास दिली, तर नादभेद काही अंशी राखता येईल. आणि बहिणीच्या शोकाचा प्रयोग म्हणून ती योजली, तर तिची योग्यता शंभर घोषणांहून अधिक ठरेल. स्त्री-संगीतकारांची निवड करणाऱ्याने प्रथम त्यांच्या रचना ऐकाव्यात, ही अपेक्षा फार मोठी नव्हे. पण यादीच्या घाईत नेमके तेच राहून जाते.

याच्या उलट जोन टॉवर यांच्या ‘फॅनफेअर फॉर द अनकॉमन वुमन’ या १९८६ च्या रचनेकडे पाहावे. एरन कोपलँडची ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ ही १९४२ ची सुप्रसिद्ध कृती हे तिचे पूर्वपीठ आहे. टॉवर यांनी त्याच जातीची पितळी वाद्ये व तालवाद्ये घेतली आणि शीर्षकात दोन बदल केले. त्यांपैकी एक बदल व्याकरणाचा आहे. इंग्रजीतील ‘मॅन’ हा शब्द मनुष्यमात्राचाही वाचक आणि पुरुषाचाही. कोपलँडच्या शीर्षकात स्त्री आत आहे की बाहेर, हे त्या शब्दाने झाकून ठेवले होते. मराठीत ‘माणूस’ हा शब्द पुल्लिंगी असला तरी आपल्या बोलीने ‘बाईमाणूस’ हा समास घडवून ती अडचण आपल्या परीने सोडविली आहे. टॉवर यांची रचना जन्मतःच पितळी व तालवाद्यांची असल्यामुळे मैदानावर येताना तिचा प्राण जात नाही. ती मॅरिन ऑल्सप या संगीतसंचालिकेस अर्पण केलेली आहे. येथे स्त्री ही रचनाकर्तीही आहे आणि विषयही. दोन्ही षष्ठी एकत्र नांदतात. शिवाय कोपलँडची कृती आधी वाजवून मग टॉवर यांचे उत्तर वाजविले, तर जे कर्तृत्व एरवी ऐकू येत नाही ते उत्तराच्या रूपाने का होईना, ऐकू येऊ लागते. (खुद्द कोपलँड पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या स्त्रीच्या हाताखाली शिकला होता, ही गोष्ट प्रयोगकर्त्यांना अजून नीटशी सुचलेली दिसत नाही.)

एथेल स्मिथ यांच्या ‘द मार्च ऑफ द विमेन’ या गीताची पात्रता आणखी निराळ्या प्रकारची आहे. मताधिकारासाठी लढणाऱ्या इंग्लिश स्त्रियांचे हे कूचगीत १९११ च्या जानेवारीत प्रथम गायिले गेले. पुढच्याच वर्षी स्मिथ स्वतः हॉलोवे तुरुंगात होत्या. खाली आवारात सहबंदिनी ते गीत गात कूच करीत असताना स्मिथ कोठडीच्या खिडकीतून दात घासण्याच्या ब्रशाने ताल देत होत्या, ही टॉमस बीचम यांनी सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. चालत गाण्यासाठीच ते रचले गेले, म्हणून चालत वाजविणाऱ्या पथकाला ते परके नाही. संगीत म्हणून ते साधे, किंबहुना काहीसे ठोकळेबाज आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु मैदानावरील पावले आणि तुरुंगाच्या आवारातील पावले यांत जो संबंध जुळू शकतो, तो एखाद्या अधिक संपन्न रचनेतून जुळेलच असे नाही.

व्यावहारिक बाजूविषयी थोडक्यात एवढेच की, हयात संगीतकाराची रचना कापून जोडण्यास परवानगी व मोबदला लागतो, आणि अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या रचनांना सामान्यतः प्रकाशनापासून ९५ वर्षे संरक्षण असते. जुन्या, मुक्त झालेल्या रचनांत पुरुषांचा भरणा अधिक, तेव्हा संकोचलेल्या अंदाजपत्रकाचा कल कोठे झुकतो हे उघड आहे. ही अडचण खरी आहे. पण ती सौंदर्यविचार म्हणून पुढे केली जाऊ नये.

ज्युलिया वुल्फ यांच्या ‘फायर इन माय माउथ’ या कृतीकडे अजून या दृष्टीने पाहिले जावयास हवे. न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली व १४६ कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य तरुण स्थलांतरित स्त्रिया होत्या. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने २०१९ च्या जानेवारीत ही कृती प्रथम सादर केली, तेव्हा गायनवृंदात १४६ स्त्रिया व मुली होत्या. शब्दांवर आधारलेली ही कृती पितळी वाद्यांत उतरविणे कठीण, आणि अकरा मिनिटांत बसविणे त्याहून कठीण. परंतु १४६ ही संख्या सुमारे दीडशेंच्या पथकाला आपली वाटावी अशी आहे. मैदानावर प्रत्येक कलावंताची जागा आखलेली असते. एकजण गेला की त्याची रिकामी जागा शेवटच्या ओळीतील प्रेक्षकासही दिसते.