दार उघडणाऱ्याचे मोल

अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीचा ‘हाफ-लाइफ’ हा संगणकीय खेळ १९९८ साली आला. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील भूमिगत प्रयोगशाळेत एक प्रयोग फसतो, परक्या जगातले जीव आत घुसतात आणि गॉर्डन फ्रीमन हा भौतिकशास्त्रज्ञ बाहेर पडण्याची वाट शोधू लागतो. कथा सांगण्यासाठी खेळ थांबवून चित्रफीत दाखविण्याची रूढ रीत येथे टाळली आहे. आरंभीच्या रेल्वेप्रवासापासून सारे आपण नायकाच्याच डोळ्यांनी पाहतो. सुटकेसाठी आलेले सैनिक साक्षीदारांनाच ठार करू लागतात, तो प्रसंग आम्हांला कथेचा कळस वाटला. ‘झेन’ या परक्या जगातील अखेरचा भाग मात्र उड्यांच्या कसरतीत रेंगाळतो.

याहून गंभीर उणीव नैतिक आहे. पुढचे दार उघडून देणाऱ्या सहकाऱ्याला खेळाडूने मारले, तर खेळ तेथेच संपतो. ज्याच्याकडून काही काम उरलेले नाही, त्याला मारले तर खेळ निमूट पुढे चालतो. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरविणारा हा हिशेब आम्हांला मान्य नाही. इतक्या कसबी कलाकृतीकडून अपेक्षा अधिक होती. घरातील तरुण मुले हा खेळ खेळत असतील, तर पालकांनी रागे भरण्याऐवजी शेजारी बसून हाच प्रश्न त्यांना विचारावा.