'सिद्धांत' या शब्दाचे ओझे

न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, या आशयाचे विधान मराठी लोकप्रिय विज्ञानलेखनात हमखास भेटते. त्यावर अभिमानाने माना डोलावणारे आणि कुत्सितपणे हसणारे, असे दोन पक्ष लगेच पडतात. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. जुनी-नवी मराठी विज्ञानपुस्तके जमवून वाचणारा माणूस आहे. माझी तक्रार दोन्ही पक्षांविषयी आहे. 'सिद्धांत' म्हणजे नेमके काय, हे दोघेही विचारत नाहीत.

'सिद्धांतशिरोमणी' शके १०७२चा, म्हणजे इ.स. ११५०चा. त्यातल्या गोलाध्यायात प्रश्न आहे तो पृथ्वीच्या आधाराचा. आधार मानला तर त्यालाही दुसरा आधार हवा, आणि ही साखळी संपतच नाही. म्हणून पृथ्वी स्वशक्तीनेच अवकाशात आहे. जड वस्तू तिच्या आकर्षणाने तिच्याकडे ओढल्या जातात. आणि चहूकडे आकाश सारखेच असताना ती स्वतः पडणार तरी कुठे? युक्तिवाद देखणा आहे. परंतु ओढ किती, अंतर वाढले की ती किती घटते, चंद्रालाही तीच लागू आहे का, हे प्रश्न त्यात नाहीत. तो मोठा विचार आहे, नियम नव्हे.

नियम आला १६८७मध्ये. ओढ वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे न्यूटनने मांडले. चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या साठ त्रिज्यांवर; म्हणजे तिथली ओढ इथल्या ३६००व्या हिश्शाइतकी. झाडावरचे फळ एका सेकंदात जेवढे खाली येते, तेवढा चंद्र एका मिनिटात पृथ्वीकडे 'पडतो'. हिशेब जुळला. पण ही ओढ मुळात का असते? १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनने साफ सांगितले, की कारण मला घटनांवरून काढता आलेले नाही आणि मी त्याविषयी तर्क रचत बसत नाही. नियम 'किती' सांगतो. 'का' सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते.

तरीही त्या नियमाची कामगिरी थक्क करणारी आहे. युरेनसच्या चालीतली गडबड पाहून ल व्हेरिए यांनी न दिसलेल्या ग्रहाची जागा गणिताने काढली आणि १८४६मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. याच ल व्हेरिए यांनी १८५९मध्ये बुधाच्या कक्षेतला एक फरक दाखवला. आजच्या मोजणीनुसार तो शतकाला सुमारे ४३ विकला आहे. (३६०० विकलांचा एक अंश होतो.) पुन्हा एखादा लपलेला ग्रह असेल असे मानून त्याला 'व्हल्कन' हे नावही मिळाले, ग्रह मात्र मिळाला नाही. नोव्हेंबर १९१५मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाची उपपत्ती पुरी केली. वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि ग्रह त्या वक्रतेला अनुसरून फिरतात. त्यातून बुधाच्या ४३ विकला आपोआप निघाल्या. न्यूटनचा नियमही त्यातूनच निघतो. ओढ क्षीण आणि वेग कमी असेल तिथे तो आजही पुरतो.

आपल्याकडे रूढ असलेली एक शिडी इथे मोडते. आधी तर्क, तो टिकला की सिद्धांत, सिद्धांत पक्का झाला की नियम, अशी बढती विज्ञानात होत नाही. नियम हा मोजमापातला संबंध, उपपत्ती ही अनेक नियमांमागची कारणमीमांसा. इथे तर नियम अपुरा ठरला आणि उपपत्तीने त्याची मर्यादा दाखवली. उपपत्ती मांडली की ती मान्य होतेच, असेही नाही. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी १९६४मध्ये गुरुत्वाकर्षणाची वेगळी उपपत्ती मांडली. ती गणिती शिस्तीत उभी होती, तरी बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. म्हणून ती निव्वळ अटकळ ठरत नाही.

आता शब्दांकडे पाहू. 'न्यूटनचा सिद्धांत' म्हणताना आपल्या मनात नियम असतो. 'सिद्धांत'मधले 'सिद्ध' ऐकून वाचक समजतो, की आता शंका उरली नाही. आइनस्टाइनच्या कामाला आपण 'सापेक्षतावाद' म्हणतो आणि ते मार्क्सवादाच्या पंगतीला बसवतो. शिवाय 'थिअरी ठीक आहे, प्रॅक्टिकलचं बोला' हे रोजचे बोलणे आहेच. एकच गोष्ट कधी अढळ, कधी पक्षीय मत, तर कधी पोकळ बोलणे!

याची किंमत मोजावी लागते. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत तेव्हाच्या केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्र्यांनी डार्विनला शास्त्रीयदृष्ट्या चूक ठरवले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे पूर्वजांनी सांगितलेले नाही, हे कारण दिले. त्या न्यायाने अवकाशाची वक्रताही कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. उपपत्तीची परीक्षा तिच्यातून निघणाऱ्या, मोजता येणाऱ्या परिणामांवर होते, हे शाळेतच नीट सांगितले गेले असते, तर असे विधान करणे इतके सोपे गेले नसते.

उपाय परका नाही. भारतीय गणितपरंपरेत रीतीमागचे कारण उलगडून दाखवण्याला 'उपपत्ती' म्हणतात आणि भास्कराचार्यांनाही हा शब्द परिचित होता. पाठ्यपुस्तकांनी आणि संपादकांनी 'लॉ'साठी नियम आणि 'थिअरी'साठी उपपत्ती एवढा भेद कसोशीने पाळावा. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. तिथल्या मुलांना, जवळ काय मोजले जाणार आहे आणि ते का, हे दोन प्रश्न मराठीत वेगवेगळे विचारता आले पाहिजेत.