गिरणगावचा अभ्यास करताय? मग आजऱ्याला कधी येताय?

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये 'अभ्यासक्षेत्र' नावाचा एक परिच्छेद असतो. नकाशा चिकटवायचा, हद्द आखायची, चार ओळी लिहायच्या आणि पुढं जायचं. गाईडही तिथं सहसा अडवत नाहीत. पण जुन्या औद्योगिक जागांच्या पुनर्विकासावर काम करणार असाल तर खरी गडबड याच परिच्छेदात होते, असं माझं मत आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनी हे त्याचं आपल्या जवळचं उदाहरण.

आधी विषय समजून घ्या. मध्य मुंबईत गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यातले हजारो पुन्हा कधीच खात्यात गेले नाहीत. पुढं १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. ढोबळमानानं सांगायचं तर जमिनीचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. भांडण झालं ते एका शब्दावर. 'मोकळी जमीन' म्हणजे आधीपासून मोकळी असलेलीच, की गिरणी पाडल्यावर मोकळी होणारीसुद्धा? २००१ च्या दुरुस्तीनं पहिला अर्थ पक्का केला. समजा, ३० एकरांची गिरणी आहे आणि त्यात ६ एकर आधीपासून रिकामी आहे. दुसरा अर्थ धरला तर शहराला १० आणि म्हाडाला १० एकर मिळतात. पहिला धरला तर दोघांना फक्त दोन-दोन. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये ही दुरुस्ती मालकांच्या सोयीनं वाचायला नकार दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला.

या वादावर चांगलं लिखाण भरपूर आहे, ते वाचाच. पण वाचताना एक गोष्ट बघा: सगळा हिशेब एकरात आहे. वाटा किती, चटईक्षेत्र किती, बाग किती. नंतरच्या पिढीचे अभ्यास 'चैतन्य' मोजतात. लोअर परळला संध्याकाळी किती माणसं चालतात, हॉटेलं किती, फिनिक्सचं जुनं धुरांडं कसं जपलंय. (चैतन्यच मोजायचं असेल तर तिसरी पाळी सुरू होताना हेच रस्ते मध्यरात्री भरलेले असत. त्या गर्दीचे तक्ते मात्र कुणी केले नाहीत.) आज जो तिथं आहे तोच मोजला जातो. जो गेला तो नकाशाबाहेर, म्हणून संशोधनाबाहेर.

तो गेला कुठं? बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्तर आहे आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड. आमच्या तालुक्यात 'मुंबईला गिरणीत होता' हे वाक्य ऐकल्याशिवाय फिल्डवर्कचा दिवस जात नाही. या गावांनी मुंबईत गावच्या खोल्या केल्या होत्या. एकाच खोलीत पाळीप्रमाणं झोपायचं, एक उठला की त्याच जागी दुसरा. खानावळीत जेवायचं, पगार झाला की गावाकडं मनीऑर्डर करायची. म्हणजे गिरणगावाचं अर्धं घर हिरण्यकेशीच्या काठावर होतं. संप लांबला तेव्हा माणसं परतली ती याच घरात. राजनारायण चंदावरकरांनी 'द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया' (१९९४) मध्ये हे फार नेमकं दाखवलंय: गावाशी नातं ठेवणं हा कामगाराचा मागासपणा नव्हता, शहरातल्या बेभरवशाच्या रोजगारात टिकून राहण्याचा तो मार्ग होता. हे मान्य केलं, तर पुनर्विकासाचा अभ्यास परळच्या हद्दीत कसा काय संपतो?

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) हे या विषयावरचं मला सगळ्यात आवडणारं पुस्तक. कामगारांना स्वतः बोलू देणारं. तरी त्याचाही भूगोल मुख्यतः गिरणगावचाच आहे. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. तक्रार आहे ती आपली, नंतर येणाऱ्यांची, की आपण त्यांची हद्द उचलली आणि प्रश्न मात्र बदलला.

अमेरिकेत लोवेल या गावी मेरिमॅक नदीकाठच्या कापडगिरण्यांचं १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. तिथं माग चालवून दाखवतात, आणि खेड्यातल्या शेतांवरून त्या गिरण्यांत आलेल्या मुलींची गोष्टही सांगतात. निदान गोष्ट तरी कुंपणाबाहेर जाते.

तुम्ही म्हणाल, हद्द अशी ताणत गेलो तर थिसिस कधी संपणार? बरोबर. हद्द आखावीच लागते. पण ती प्रश्नावरून आखा. 'या जमिनीचं मोल कुणाला मिळालं' असा प्रश्न असेल तर ज्यांना मिळायला हवं होतं ते राहतात तिथपर्यंत जावं लागेल.

आणि हे काम थांबणारं नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आलेत, पहिली सोडत २०१२ ला निघाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो: गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, हजेरी. बदली कामगाराकडं यातलं बऱ्याचदा अर्धंच असतं. आता शेलू आणि वांगणीला घरं देण्याची योजना पुढं आली आहे, आणि घर मुंबईतच हवं म्हणून संघटना विरोध करताहेत. ही कागदपत्रं आजऱ्याकडच्या घरांत पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून आहेत. पावसाळा इथला तुम्हाला माहीत आहे. ट्रंक उघडून कुठला कागद कशाचा हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा अभ्यासक्षेत्राचा परिच्छेद या दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा लिहा.