बावला खून-खटल्याचें वृत्तसाहित्य : साधनपरीक्षण

ता. १२ जानेवारी १९२५ रोजीं मुंबईस मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा मोटारींत असतां गोळ्या घालून खून झाला. त्याजबरोबर असलेल्या मुमताज बेगमेस पळवून नेण्याचा हल्लेखोरांचा डाव होता. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्यें पडल्यामुळें तो फसला. आरोपींचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोंचत असल्यानें खटल्याचें वृत्त देशभर गाजलें. अशा वृत्तांस इतिहासाचें साधन म्हणून कितपत प्रमाण मानावें, एवढाच येथें प्रश्न आहे.

बखर व अस्सल पत्र यांतील भेद आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वृत्तपत्राच्या एकाच अंकांत हीं दोन्हीं शेजारीं नांदतात, ही खरी अडचण होय. साक्षीदाराची जबानी ही अस्सलाच्या जवळची. तिजवर चढविलेला मथळा ही बखर. आपणांस इंदुरास राहावयाचें नव्हतें, आपली नवजात मुलगी मारण्यांत आली, असें मुमताजनें साक्षींत सांगितलें. ही एका स्त्रीची फिर्याद होती. लोकचर्चेंत मात्र ती बहुधा नर्तकी म्हणूनच वावरली. त्याच वर्षीं कोहिनूर कंपनीचा, होमी मास्तर यांनीं दिग्दर्शित केलेला 'कुलीन कांता' हा मूकपट या प्रकरणावरून निघाला. म्हणजे बखरीवर दुसरी बखर रचली गेली.

तथापि वृत्तपत्रांस केवळ दोष देणें अन्यायाचें होईल. हायकोर्टांत तिघांस फांशीची शिक्षा झाली. सरदार आनंदराव फणसे यांच्या बचावास बॅ. जिना उभे होते, तरी त्यांसहि जन्मठेप झाली. परंतु तुकोजीराव होळकर त्या खटल्यांत आरोपी नव्हते. चौकशी-कमिशन अथवा गादीचा त्याग, असा पर्याय सरकारनें त्यांजपुढें ठेविला. फेब्रुवारी १९२६ मध्यें पुत्र यशवंतराव यांजकरितां त्यांनीं गादी सोडली व चौकशी टळली. जो प्रश्न न्यायासनापुढें आलाच नाहीं, तो वृत्तपत्रांनीं जागता ठेविला, हें त्यांचें ऋण मानलें पाहिजे. पण जागता ठेवणें म्हणजे निकाल देणें नव्हे. महाराजांचा अपराध सिद्ध झाला असें लिहिणारा आणि ते निर्दोष ठरले असें लिहिणारा, दोघेहि कागदापलीकडे जातात.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. अशा प्रकरणांचीं कात्रणें न ठेवितां अंक समग्र ठेवावे. कात्रणांत मजकूर उरतो. तारीख, मथळ्याचें आकारमान, शेजारची जाहिरात व दुसऱ्या दिवसाची दुरुस्ती नाहींशी होते. बोलपटापूर्वींचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले आहेत. म्हणून त्यांचीं हस्तपत्रकेंहि दप्तरांत जपावीं. मोडी रुमालास आपण जी कसोटी लावितों, तीच यांसहि लावावी. एरव्हीं विसाव्या शतकाच्या बखरी तेवढ्या उरतील व अस्सल कागद रद्दींत जातील.