विचित्र कोण, वस्तू की आपण?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण अडकित्ते, दिवे, वज्र्या बघतो आणि म्हणतो, ‘काय एकेक विचित्र वस्तू!’ इथेच आपलं चुकतं. वज्री म्हणजे टाचा घासायची रोजची पितळी वस्तू. काहींच्या पोटात खडे असत, घासताना ती खुळखुळे. तिचा वापर सुटला आणि ती नवलाची झाली. वस्तू तीच आहे, विसरलो आपण.

दिनकर केळकरांनी हा संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभा केला. विसरायचं नाही, म्हणून जमवलेल्या या वस्तूंपुढून आपण मोबाइल उंचावत अर्ध्या तासात बाहेर पडतो. काचेआडच्या वस्तूला हात लावता येत नाही, हे खरं. पण घरी जाऊन आजीला ‘ही कशी वापरायचीस गं?’ असं विचारायला आपल्याला कोणी अडवलंय?