‘फावला वेळ’ : एका संज्ञेची तपासणी

वसंत सरवटे (1927–2016) यांचा परिचय ‘व्यवसायाने अभियंता, छंदाने व्यंगचित्रकार’ असा सहज करून दिला जातो. ए.सी.सी. या सिमेंट कंपनीतील स्थापत्य अभियंत्याची नोकरी सांभाळून त्यांनी चित्रे काढली, हे खरेच. परंतु ‘सांभाळून’ या क्रियापदाने समीक्षेचे काम संपते काय? दोन पारड्यांतील समतोल हा चरित्रनायकाचा सद्गुण ठरतो आणि कलाकृतीविषयी काहीच सांगितले जात नाही.

यावर एक सोपे उत्तर सुचते : अभियंत्याची शिस्त रेषेत उतरली. ते फारसे टिकणारे नाही. शि. द. फडणीस यांची रेषाही तितकीच नेमकी आहे आणि त्यांचे शिक्षण जे. जे. कलाशाळेतले. नोकरीचा ठसा शोधायचाच तर तो रेषेत नव्हे, प्रकाराच्या निवडीत शोधावा लागेल. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्राला दररोजच्या बातमीचा तगादा होता. तो त्या चित्राच्या रूपाचाच भाग झाला. सरवटे यांचे पोट चित्रावर अवलंबून नव्हते. मासिके, दिवाळी अंक, पुस्तके ही त्यांची मुख्य क्षेत्रे, आणि तेथे मजकूर मुरू देण्यास अवकाश असतो. जयवंत दळवी यांनी ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ हा मुखवटा धारण केला. त्या मुखवट्याला चेहरा दिला तो सरवटे यांनी. ‘ललित’च्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठे तर साहित्यव्यवहारावरची टीकाच होती. असे चित्र काढणाऱ्याला आधी वाचक व्हावे लागते. त्यांनी स्वतःसाठी ‘रेषालेखक’ हा शब्द स्वीकारला, यातही छंदाच्या कक्षेबाहेर पडण्याचा आग्रह दिसतो. मासिक पगाराने त्यांना सवड दिली. त्या सवडीतून हे वाचन-चित्रण घडले.

सवड मात्र वेळेपुरतीच नसते. तिला जागाही लागते. सरवटे ज्या शहरात हे काम करीत होते त्याच मुंबईत, वरळीच्या बीडीडी चाळींमध्ये, याची उलट बाजू दिसते. याही सिमेंट-काँक्रीटच्याच इमारती. सरकारच्या विकास खात्याने 1920च्या दशकात उभारलेल्या या 121 चाळींत खोली सुमारे 160 चौरस फुटांची, मधून बोळ, दोन्ही बाजूंना बिऱ्हाडे. गिरणीची पाळी संपवून आलेल्या माणसाला येथे ‘फावला वेळ’ कदाचित मिळे. कागद पसरून ठेवण्यास, अर्धे काम उद्यावर टाकण्यास मेज मिळणे कठीण. म्हणून कामगारवस्तीत जोमाने वाढले ते भजन, पोवाडा, लोकनाट्य, कामगार रंगभूमी : समूहाचे, पाठांतराचे, बोळात वा मैदानात होऊ शकणारे प्रकार. वरळीचे जांबोरी मैदान या अर्थाने केवळ मोकळी जागा नव्हे. या निर्मितीला ‘हौशी’ म्हणून बाजूला सारताना समीक्षा हौसेची मोजपट्टी मध्यमवर्गीय घरातून आणते, आणि ती मोजपट्टी सरवटे यांनाही लागू पडत नाही.

2025मध्ये वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथे मेज मावेल; बोळ नसेल.